बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) इथेनॉल आणि केमिकलचा प्लँट, तोही सभासदांच्या ठेवीतून. पैसे सुटतील का?

खोडवेकरी

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी शेतकरी माणूस, बीकॉम झालोय पण केमिस्ट्रीचा दहावीनंतर संबंध आला नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा. आमचा कारखाना सहकारी आहे, सांगली-सातारा पट्ट्यातला, रोजच्या ५,००० टन गाळपाचा, नाव घेत नाही. गेल्या महिन्यात वार्षिक सभा झाली. पहिले सात विषय नेहमीसारखे "मंजूर, मंजूर" करत दहा मिनिटांत उरकले आणि आठव्या विषयाला चेअरमनसाहेबांनी खिशातून एक छोटी काचेची बाटली काढली, आत पिवळसर पाण्यासारखं काहीतरी, ती वर धरून म्हणाले, "हे आपल्या बगॅसमधनं निघतं, आणि आपण इतकी वर्षं हे जाळत बसलोय." टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

मग हळूच पुढचं आलं. बगॅसपासून सेकंड जनरेशन इथेनॉल (म्हणजे मळीऐवजी चोथ्यातून काढलेलं) आणि त्याच्या जोडीला फरफ्युरल का काय ते केमिकल असा प्लँट घालायचा, आणि त्यासाठी पाच वर्षं ऊसबिलातनं टनाला ५० रुपये बिनपरतीची ठेव कापायची. माझा ऊस १४०-१५० टन जातो म्हणजे वर्षाला सात हजार, पाच वर्षांत पस्तीस. विचारायला उठलो तोवर राष्ट्रगीत सुरू झालं.

माझी शंका साधी आहे. कच्चा माल फुकट, निघणारा माल सोन्यासारखा, मग दोनशेच्या आसपास कारखाने चालणाऱ्या महाराष्ट्रात हे आधीच सगळीकडे का नाही झालं? कुणी आतला माणूस असेल तर सांगा. राजकारण नको, हिशोब सांगा.

कोजनवाला

अठरा वर्षं बॉयलर आणि टर्बाइन सांभाळतोय, सध्या दुसऱ्या जिल्ह्यात आहे, म्हणून बोलू शकतो.

दादा, गडबड तुमच्या पहिल्याच शब्दात आहे. "फुकट". कारखान्यात बगॅस फुकट कधीच नसतो. बघा, १ टन ऊस गाळला की साधारण २८० किलो बगॅस पडतो. त्यात निम्मं पाणी असतं, तरी बॉयलरला तो चालतो, किंबहुना साखर कारखाना उभाच त्याच्यावर आहे, कारण बाहेरचा कोळसा न घेता रस आटवायची वाफ, मिल फिरवायची ताकद, वीज सगळं त्याच चोथ्यातून येतं. तुमच्या कारखान्याचं बघू. ५,००० टन, हंगाम ११० दिवस धरला तर साडेपाच लाख टन गाळप, म्हणजे दीड लाख टनांच्या वर बगॅस. ऐकायला ढीग वाटतो. पण त्यातला मोठा हिस्सा कारखाना स्वतःच खातो, जुन्या कारखान्यात तर काहीच उरायचं नाही, उलट हंगामाच्या शेवटी लाकडं घालावी लागायची. वाफेचा वापर उसाच्या ४५-५० टक्क्यांवरून खाली आणला तरच बगॅस वाचतो.

आता वाचलेल्या बगॅसची किंमत काय? ज्याच्याकडे हाय प्रेशर कोजन (बगॅस जाळून वाफ आणि वीज दोन्ही काढणारा सहवीज प्लँट) आहे त्याचा हिशोब सोपा. १ टन बगॅस म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास वाफ, तेवढ्या वाफेतून घरचा वापर वजा जाऊन साधारण ४५० युनिट वीज बाहेर जाते. युनिटला ४ रुपये ७५ पैसे धरा, २,१०० रुपयांच्या वर झाले. जुने करार ६ च्या वरचे होते तेव्हा तर हाच टन २,७०० देत होता. नंतर निविदेतून दर ५ च्या आत आले तेव्हा कोजनवाल्यांनी इतकी बोंब मारली की २०२४ मध्ये राज्य सरकारनं युनिटला दीड रुपया अनुदान दिलं, तेही एकूण ६ रुपयांच्या आत बसवून.

म्हणजे तुमचा नवा प्लँट टनामागे निदान २,१०० रुपये कोजनच्या खिशातून काढून घेणार. आधी ते भरून द्यायचे, मग बाकीचा खर्च, मग नफा. आणि बगॅस काढून घेतला तर साखर शिजवायला वाफ कुठून आणणार, हा प्रश्न कुणी विचारला का सभेत? कोळसा घेणार असतील तर बाटली वर धरताना तेही सांगायला हवं होतं.

काळी_माती

आमच्याकडे पण असंच झालं, प्लँट वेगळा होता एवढंच. मळी आधी कारखाना म्हणायचा घेऊन जा घेऊन जा, आवारात जागा नाही. ट्रॉलीचं भाडं तेवढं आपलं. आता गॅसचा प्लँट झाला तर मळीला दर लागला आणि वर रांग. टाकाऊ माल तोपर्यंतच टाकाऊ असतो जोपर्यंत शेतकरी वापरतो, साहेबांना कळलं की त्याचा लगेच कच्चा माल होतो 😀

लॅबकोट

वरच्यांनी मळी लिहिलंय ते प्रेसमड, बाहेरच्या वाचणाऱ्यांचा गोंधळ नको. शेतकरी प्रेसमडला मळी म्हणतात, म्हणजे रस गाळून उरणारा तो काळसर चिखल, आणि कारखान्याच्या कागदावर मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढून उरलेली काळी चिकट राब. दोन्ही अगदी वेगळ्या वस्तू, दोन्हीची अर्थव्यवस्था वेगळी. मी लॅबमध्ये आहे, एकदा एका नवीन ट्रॅक्टरवाल्यानं "मळी भरायचीय" म्हणून थेट मोलॅसिसच्या टाकीखाली ट्रॉली आणून लावली होती.

आता मूळ प्रश्न. कोजनवाल्यांनी कच्च्या मालाचं सांगितलं, मी भांडवलाचं सांगतो, कारण सेकंड जनरेशनचं खरं मरण तिथं आहे.

मोलॅसिसमध्ये साखर तयार असते, यीस्ट टाकलं की आंबते. १ टन सी-हेवी मळीतून (साखर पूर्ण काढून उरलेली) सव्वादोनशे लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं, बी-हेवीतून (थोडी साखर मुद्दाम मागे ठेवलेली) तीनशे. बगॅसमध्ये साखर असतेच पण ती सेल्युलोज-हेमिसेल्युलोजच्या रूपात लिग्निनमध्ये कोंडलेली, गाय पचवू शकते, यीस्ट नाही. मग आधी ॲसिड आणि वाफेनं ते फोडायचं, मग विकतची एन्झाइम टाकून त्याची साखर करायची, आणि मग आंबवायचं. त्यात पुन्हा एक तृतीयांशाच्या आसपास साखर पाच कार्बनवाली, ती साध्या यीस्टला चालत नाही. प्रत्येक पायरीला टाकी, प्रत्येक टाकी महागड्या स्टीलची.

पानिपतचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावरचा प्लँट, ऑगस्ट २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाला. खर्च ९०० कोटींच्या वर, वर्षाला २ लाख टन पेंढा, आणि त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल असा आराखडा. भागाकार करा. वर्षाच्या प्रत्येक लिटरमागे ३०० रुपये भांडवल. तेवढंच इथेनॉल देणारी मळीवरची डिस्टिलरी म्हणजे रोजची १ लाख लिटरची, ३०० दिवस चालवली तर. ती दीडशे कोटींच्या आत उभी राहते, म्हणजे लिटरमागे पन्नास. सहा पट फरक. आता ९०० कोटींवर १० टक्के व्याज धरा, वर्षाला ९० कोटी, भागिले ३ कोटी लिटर, लिटरला नुसतं व्याजच ३० रुपये!! अजून पेंढा नाही, एन्झाइम नाही, पगार नाही, घसारा नाही. आणि सी-हेवी इथेनॉलचा अख्खा दर ५७ रुपये ९७ पैसे आहे.

सरकारला हे माहीत आहे म्हणूनच २०१९ ला जी-वन योजना आणली, एका व्यावसायिक प्रकल्पाला जास्तीत जास्त १५० कोटींपर्यंत मदत. तेवढी मिळाली तरी वरच्या हिशोबात व्याज ३० वरून २५ वर येतं, बस.

अजून एक. तुमच्या कारखान्याचा सगळाच्या सगळा बगॅस, कोरडा करून मोजला तर ७५-७७ हजार टन. पानिपतच्या निम्म्याला सुद्धा पुरत नाही. लहान प्लँट घातला तर खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही, लिटरमागे उलट वाढतो.

खोडवेकरी

बाप रे. हे ३० रुपये व्याजाचं मी आमच्या एका संचालकांना (नात्यातले आहेत) फोन करून सांगितलं, ते म्हणाले "ब्राझीलमध्ये चालतं ना मग?" आता याला काय उत्तर देऊ?

आणि फरफ्युरलचं काय? संचालक म्हणतात, खरा पैसा इथेनॉलमध्ये नाहीच, केमिकलमध्ये आहे. इथेनॉल नुसतं नावाला.

लॅबकोट

ब्राझीलचं अर्धंच सांगितलंय त्यांनी. तिथं दोन कंपन्यांनी २०१४ च्या सुमारास मोठे प्लँट घातले. ग्रानबायोनं अलागोआस राज्यात, रायझेननं पिरासिकाबाला. ग्रानबायोचा पहिल्याच टप्प्यात, म्हणजे पाचट-चोथा फोडायच्या मशिनरीत, अडकला आणि वर्षानुवर्षं नीट चालला नाही. शेतातून गोळा केलेल्या पाचटाबरोबर माती येते, आणि माती म्हणजे सँडपेपर, पंप-व्हॉल्व्ह सगळं खाऊन टाकते. रायझेननं मात्र चिकाटी धरली आणि २०२४ ला त्याहून मोठा प्लँट चालू केला. पण त्यांचा माल युरोपात "टाकाऊपासून बनलेला" म्हणून चढ्या दरानं, आधीच केलेल्या लांब मुदतीच्या करारांवर जातो. शिवाय तिथल्या एकेका कारखान्याचा हंगाम सात-आठ महिन्यांचा. आपल्याकडे ११० दिवस चालला तरी पेढे वाटतात.

तुम्हाला इथं चढा दर कोण देणार? तेल कंपन्या. त्यांना दिल्लीनं ठरवून दिलेला दर.

निम_इंजिनिअर

फरफ्युरलवर मी बोलतो, पुण्यात प्रोसेस डिझाइनमध्ये आहे, अशा तीन-चार प्रस्तावांची आकडेमोड हातून गेलीये (एकही उभा राहिला नाही, यातच काय ते समजा).

आधी बाटलीचं. ताजं फरफ्युरल जवळपास रंगहीन असतं, कडू बदामासारखा वास येतो, आणि ठेवलं की आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं पडत जातं. चेअरमनसाहेबांची बाटली पिवळी होती म्हणजे बहुतेक फरफ्युरलच, आणि जरा दिवस खिशात फिरलेली 😄

हे काही नवीन संशोधन नाही. बगॅसपासून फरफ्युरल कित्येक दशकं निघतंय, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ला रोमाना इथं, दक्षिण आफ्रिकेत सेझेला इथं, दोन्ही साखर कारखान्यांना चिकटूनच. म्हणजे होतं हे नक्की. आणि सेकंड जनरेशन इथेनॉलपेक्षा हे सोपंही आहे, कारण बगॅसमधला फक्त पाच कार्बनवाला भाग वापरायचा आणि उरलेला चोथा, साधारण दोन तृतीयांश तरी, परत बॉयलरला. त्यामुळे कोजनवाल्या काकांचा आक्षेप इथं थोडा सौम्य होतो. थोडाच, कारण तो परत येणारा चोथा ओला आणि आंबट असतो, बॉयलरच्या नळ्यांना आवडत नाही.

पण दोन गोष्टी. एक म्हणजे वाफ. ओल्या १ टन बगॅसमधून हाताला ४०-५० किलो फरफ्युरल लागतं आणि १ टन फरफ्युरलला वाफ लागते वीस-तीस टन. वाफ म्हणजे पुन्हा बगॅसच. पावटक्का-पावटक्क्यानं वाफ वाचवायला आपण लाखांचे कन्सल्टंट नेमतो आणि इथं टनानं ओतायची. दुसरी म्हणजे बाजार. जगातलं बहुतेक फरफ्युरल चीनमध्ये बनतं, मक्याच्या कणसाच्या बुरकुंडांपासून, ज्यात आपल्या बगॅसपेक्षा हा माल जास्त असतो. तिथं उत्पादन वाढलं की भाव कोसळतो, तिथले प्लँट प्रदूषणासाठी बंद केले की भाव चढतो. आणि मुळात जागतिक बाजार इथेनॉलसारखा अथांग नाही, लहान आहे. एका तालुक्यानं ठरवलं म्हणून भाव टिकत नाही. तुमच्या प्रस्तावात चढत्या वर्षाचा भाव धरलाय का पडत्या वर्षाचा, हे बघा.

संचालक म्हणतात तसं केमिकलमध्ये पैसा आहे, हे खोटं नाही. पण जिथं आहे तिथं तो टाकाऊतून आलेला नाही, कौशल्यातून आलाय. नगर जिल्ह्यात साकरवाडीला गोदावरी बायोरिफायनरीज इथेनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड, इथिल ॲसिटेट, क्रोटोनाल्डिहाइड असं करत करत सौंदर्यप्रसाधनात जाणाऱ्या ब्युटिलीन ग्लायकॉलपर्यंत गेली. उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स मळीच्या इथेनॉलपासून ग्लायकॉल करते. हे सगळं एका सभेत ठरलेलं नाही, पिढी गेलीये त्यात, आणि ग्राहक आधी, प्लँट नंतर असा क्रम आहे. यूपीत कुंभीला बलरामपूर चिनी पीएलएचा, म्हणजे जैव-प्लास्टिकचा प्लँट घालतेय, २,००० कोटींच्या वरचा. तिथं कच्चा माल कोणता? साखर. बगॅस नाही. कारण तयार गोड वस्तू आंबवणं स्वस्त, लाकूड फोडून गोड करणं महाग.

साध्या मोठ्या केमिकलमध्ये तर विचारूच नका. इथेनॉलमधून पाणी काढलं की इथिलीन, प्लास्टिकचं मूळ. १ किलो इथिलीनला पावणेदोन किलोच्या आसपास इथेनॉल लागतं. ५८ रुपये लिटरचं इथेनॉल म्हणजे किलोला ७३ पडतं. गुणा, नुसता कच्चा मालच सव्वाशेच्या वर. पेट्रोलियमच्या इथिलीनला त्याच्या जवळपासही भाव नसतो.

उद्याचा_कारखाना

तुम्ही सगळे नन्नाचा पाढा लावून बसलाय. २०१३-१४ ला पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्का होतं, आज २० टक्के आहे. तेव्हाही सगळे म्हणत होते होणार नाही. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला विमान उडालं, त्यात पुण्याच्या प्राज कंपनीनं दिलेलं जैव इंधन मिसळलेलं होतं. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय विमानांना १ टक्का असं इंधन घालायचंच आहे, पुढच्या वर्षी २ टक्के. जो आधी घालेल तोच कमावेल ना? जुनी माणसं सांगतात कोजनला पण लोक हसले होते, आता कोजनवालेच दुसऱ्याला हसतात 🙏

कोजनवाला

भाऊ, हसत नाहीये. तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि त्या अर्ध्यातच धोका आहे. इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं ते स्वस्त पडलं म्हणून नाही, सरकारनं दर बांधून दिला, व्याजात सवलत दिली, तेल कंपन्यांना घ्यायला लावलं म्हणून. चांगलंच केलं, कारखाने वाचले त्यामुळे. पण जो हात देतो तोच काढूनही घेतो. ७ डिसेंबर २०२३ आठवा. हंगाम ऐन भरात, गव्हाणी सुरू, आणि आदेश आला की उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. आठ दिवसांनी १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत थोडी सूट दिली, पण ज्यांनी कर्ज काढून रसावरच्या डिस्टिलऱ्या वाढवल्या होत्या त्यांचे हप्ते कुठे थांबले? पुढच्या ऑगस्टमध्ये बंदी उठली. एक अख्खा हंगाम गेला.

आणि दराचं बघा. बी-हेवी इथेनॉल २०२२-२३ पासून ६० रुपये ७३ पैशांवर आहे. तेवढ्या काळात एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) टनाला ३,०५० वरून ३,५५० झाली. आता छोटा हिशोब. १ टन उसातून सी-हेवीनं गेलात तर साखर पूर्ण आणि १० लिटर इथेनॉल, साधारण ५८० रुपयांचं. बी-हेवीनं गेलात तर साखर १५ किलोनं कमी, पण इथेनॉल २० लिटर, १,२१५ रुपयांचं. म्हणजे ६३५ रुपये जास्त मिळाले, १५ किलो साखर सोडून. साखर ३७ ला विकत असेल तर ती ५५५ ची. फायदा टनाला ऐंशी रुपये. साखर ४२ च्या वर गेली की तोच व्यवहार अंगाशी. हे मळीचं, जी सोपी वस्तू आहे. बगॅसवर कुठल्या भरवशावर जाता?

विमानाचं इंधन चांगलंच आहे, पण ते इथेनॉलपासून करायचं तर वरती इथिलीनचं जे गणित दिलंय तेच पहिल्या पायरीला लागतं. ज्याच्या खिशात तेल कंपनीचा पैसा आहे त्यानं आधी घालू दे. पस्तीस गुंठेवाल्याच्या पन्नास रुपयांवर नको.

उद्याचा_कारखाना

ठीक आहे, पण मग कारखान्यांनी करायचं तरी काय? साखर, साखर आणि साखरच? २०२३-२४ ला राज्यात ११० लाख टन साखर झाली, पुढच्या वर्षी ८० च्या आसपास. एवढं खाली-वर होत असेल तर दुसरं पीठ दळायलाच लागेल की जात्यावर.

लॅबकोट

तेच सांगणार होतो, ज्याला खरोखर टाकाऊ म्हणता येईल असं कारखान्यात काय आहे ते बघा. बगॅस नाही, मोलॅसिस तर नाहीच (१९९३ ला केंद्रानं त्याच्यावरचं नियंत्रण काढलं तेव्हापासून मोलॅसिसला बाजार आहे). खरं टाकाऊ दोनच, प्रेसमड आणि स्पेंटवॉश (डिस्टिलरीतून निघणारं सांडपाणी).

प्रेसमडचा ढीग एप्रिलमध्ये बघितलाय का कुणी? वरून वाळलेला, राखाडी, आणि फावडं घातलं की आतून धूर. कुणी काडी लावलेली नसते, त्यात मेण असतं, आतल्या आत कुजून तापतो आणि धुमसत राहतो. आमच्या यार्डात दर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर उभा ठेवतात. तो धूर म्हणजे गॅस जाळणंच झालं की, फुकटात.

तुमच्या साडेपाच लाख टन गाळपाला साडेतीन टक्क्यांनी १९,००० टनांच्या वर प्रेसमड येतो. साधारण २५ टनाला १ टन सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस), म्हणजे पावणेआठशे टन. किलोला ५४ रुपये धरले तरी सव्वाचार कोटींच्या आसपास उलाढाल. सोनं नाही, पण साखरेतलं, विजेतलं काहीच काढून घ्यायचं नाही. आणि गॅस काढून झाल्यावर उरलेला माल खत म्हणून शेतात जातोच, सरकारनं २०२३ ला त्या सेंद्रिय खताला टनाला १,५०० रुपये मदत पण जाहीर केली. अडचणी आहेत. प्रेसमड येतो चार महिने, गॅस विकायचा बारा महिने, आणि साठवला की महिन्यागणिक गॅस उतरत जातो, झाकून, दाबून ठेवावा लागतो. केंद्राच्या 'सतत' (SATAT) नावाच्या सीबीजी योजनेत २०१८ ला ५,००० प्लँटचं लक्ष्य ठेवलं होतं, त्याच्या जवळपासही गाडी गेली नाही, याचं एक कारण हेच.

स्पेंटवॉशचं तसंच. १ लिटर इथेनॉलमागे ८ ते १२ लिटर, पूर्वी नदीत सोडून लोकांनी आंदोलनं करेपर्यंत मजल गेली होती. आता आटवून बॉयलरमध्ये जाळतात, वाफ मिळते आणि राखेत पोटॅश, साडेचौदा टक्के. खत कंपन्यांबरोबर २०२४ ला ठरलेला दर टनाला ४,२६३ रुपये. कोपरगावला कोल्हे कारखान्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सीबीजी आणि पोटॅश दोन्ही एकत्र सुरू केलंय, सहकारातला पहिला म्हणून अमित शहा आले होते. सभासदांनी सहल काढायचीच असेल तर ब्राझील कशाला, कोपरगाव बघा, सकाळी निघून रात्री घरी.

काळी_माती

सहल काढा पण मळीचा दर विचारून या तिथं. म्हणजे प्रेसमडचा. लॅबकोट साहेब रागावतील.

निम_इंजिनिअर

एक आठवलं, बगॅस दुसऱ्याला द्यायचाच असेल तर कसा द्यावा याचा नमुना तामिळनाडूत आहे. करूरचा टीएनपीएल कागद कारखाना, १९८० च्या दशकापासून बगॅसवर चालतो. त्यांनी साखर कारखान्यांकडून बगॅस नुसता विकत घेतला नाही, बदल्यात वाफेची सोय करून दिली, बॉयलर-कोळसा त्यांचा, चोथा तुमचा. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की चोथ्याची किंमत म्हणजे त्याच्या जागी जे जाळावं लागेल त्याची किंमत. खोडवेकरी, तुमच्या प्रकल्प अहवालात एवढंच शोधा. कच्चा माल या रकान्यात टनाला किती रुपये धरलेत.

खोडवेकरी

उशीर झाला, तोडी आली होती. टोळी दोन दिवस थांबली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात, त्यामुळे आठवडा कसा गेला कळलं नाही.

काल ऊसबिलाच्या कामानं कारखान्यावर गेलो होतो तर अकाउंटला ओळखीचा मुलगा आहे, प्रकल्प अहवाल नेता येणार नाही पण बसून वाचा म्हणाला. ११० पानांचा आहे, निम्मे फोटो. कच्चा माल खर्चाचं पान सापडलं. बगॅस, परिमाण मेट्रिक टन, दर: "निरंक". खाली तळटीप, "कारखान्याचे स्वतःचे उपउत्पादन असल्याने". वाफेचा रकाना पण तसाच, निरंक.

कोजनवाला

वाटलंच होतं. आता एक काम करा. तुमच्या घरी वार्षिक अहवाल आला असेल, सभेच्या आधी पोस्टानं येतो तो. त्यात सहवीजनिर्मितीचं वेगळं नफा-तोटा पत्रक असतं. कोजन विभागानं साखर विभागाकडून बगॅस घेतला असं दाखवतात. तिथं दर काय लावलाय बघा.

खोडवेकरी

सापडलं. पान ४७. बगॅस खरेदी, आंतरविभागीय, टनाला २,३५०.

दोन्ही पानांवर सही एकाच माणसाची आहे. पानांचे फोटो काढून ठेवलेत, सोमवारी लेखी प्रश्न देतोय, पोच घेऊनच येणार.

काळी_माती

पोचवर शिक्का पण घ्या. नुसती सही चालत नाही.